माळशिरसची पांढरी वाइन : पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष म्हटलं की नान्नज. पक्षीवाल्यांसाठी ते माळढोकाचं गाव, बागायतदारांसाठी सोनाका आणि शरद सीडलेसचं. बागेत वेगळी दिसलेली काडी हेरायची, कलमं करून वाढवायची, या पद्धतीने हे वाण इथल्याच शेतातून निघाले आणि महाराष्ट्रभर पसरले. त्यामुळे त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात अकलूजच्या आसपास, शार्डोने आणि सोव्हिन्यॉं ब्लां या वाइनच्या द्राक्षांच्या बागा आहेत आणि त्या दोन्हींच्या मिश्रणाची पांढरी वाइन इथल्या शिक्क्याने विकली जाते, हे सोलापूर शहरात आजही अनेकांच्या गावी नसतं. याचं कारण सरळ आहे. नान्नजचं द्राक्ष शेतातून वर आलं, माळशिरसचं धोरणातून.

भोकरी-फकडी या जुन्या वाणांच्या काळात शिरण्यात अर्थ नाही. वाइनच्या दृष्टीने दखल घ्यावी असं पहिलं काम 1980 च्या दशकात नारायणगावला झालं. तिथली फेसाळ वाइन निर्यातीसाठी होती. 1990 चं दशक सरता सरता नाशिकला सोव्हिन्यॉं आणि शेनिन ब्लां लागले. खरा फरक पडला तो 2001 च्या राज्य धोरणाने. वाइनरीला दारूच्या कारखान्याच्या रांगेतून काढून द्राक्षप्रक्रिया उद्योगाच्या रांगेत बसवलं, राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क मंजूर केले. एक नाशिक जिल्ह्यात, दुसरा सांगली जिल्ह्यात. टेबल, म्हणजे खायच्या, द्राक्षांत एवढं नाव कमावलेल्या सोलापूरच्या वाट्याला काही आलं नाही. यावर जिल्ह्यातून फारशी ओरडही झाली नाही, कारण तेव्हा मागणीच नव्हती.

माळशिरसच्या बागा 2007 च्या सुमाराच्या. अकलूजचं एक जमीनदार घराणं, दिल्लीचे दोन भाऊ आणि इटलीचे दोन भाऊ अशी भागीदारी. रोपं परदेशातून आणली आणि मोटेवाडी, गारवाड, निमगाव परिसरात लावली. बाटलीवर डोंगराचं वर्णन आलं की जरा जपून घ्यावं. युरोपात ज्याला डोंगरी बाग म्हणतात ती इटलीच्या आओस्ता खोऱ्यात बाराशे मीटरपर्यंत चढते. माळशिरसला महादेवाच्या डोंगराची शेपटी लागते एवढंच. तरी त्या उताराचा उपयोग आहे. मुरमाड जमिनीत पाणी साचत नाही आणि हिवाळ्यात रात्रीचा पारा बऱ्यापैकी उतरतो, म्हणून मण्यातलं आम्ल थोडं जास्त टिकतं. पांढऱ्या वाइनचा जीव त्या आम्लात असतो. सोलापूरच्या उन्हात साखर आपसूक चढते, आम्ल मात्र झपाट्याने जळतं. म्हणून तोडणी पहाटे, गारव्यात उरकायची आणि रस थंड टाक्यांत पंधरा-सोळा अंशांच्या आसपास आंबवायचा.

मिश्रणाचं गणितही तिथूनच येतं. सोव्हिन्यॉं वास आणि आंबटपणा देते, शार्डोने अंग भरते. फ्रान्समध्ये या दोघींची गाठ क्वचितच पडते. शार्डोने बरगंडीची, सोव्हिन्यॉं लुआरमध्ये एकटी असते आणि बोर्दोत तिचा जोडीदार सेमियों हे द्राक्ष. अकलूजकडे ही जोडी जुळवणाऱ्यांत, 1976 साली पॅरिसमध्ये कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाइनची आंधळी (बाटलीवरचं नाव झाकून) चाचणी भरवणारा इंग्रज जाणकार होता. त्या चाचणीत पांढऱ्यांत पहिली आलेली वाइन कॅलिफोर्नियाची शार्डोने होती. हा माणूस 2021 मध्ये वारला.

आता ज्यावरून गदारोळ झाला त्याकडे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये, वेगळ्या बंद कपाटातून वाइन विकायला मान्यता दिली. धार्मिक स्थळं आणि शाळा-कॉलेजांजवळची दुकानं वगळली, दारूबंदीचे जिल्हे वगळले. कारण सांगितलं शेतकऱ्याचं : द्राक्षाला भाव मिळेल, छोट्या वाइनरींना गिऱ्हाईक मिळेल. तेव्हाच्या विरोधी पक्षाने ‘मद्यराष्ट्र’ म्हणून हेटाळणी केली, एका ज्येष्ठ समाजसेवकाने उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती मागवल्या, आणि जूनमध्ये सरकारच पडलं. निर्णय कागदावरच राहिला.

दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या नावाने भांडत होत्या. तो शेतकरी नेमका कोण, हे कुणी विचारलं नाही. सोलापूरचा बागायतदार लावतो सोनाका, माणिक चमन, थॉमसन. गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर घड आला की मजूर बाई हातात जीएचं (जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाचं) द्रावण भरलेला मग घेऊन ओळीने चालते आणि एकेक घड बुडवते, मणी लांबट आणि फुगीर व्हावा म्हणून. बाजारात पैसे त्या लांबीचे मिळतात. वाइनच्या द्राक्षाला याच्या उलट हवं : बारीक मणी, बी असलेला, साल जाड, साखर बावीस-चोवीस ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप), आणि घड मुद्दाम विरळ. सोनाकापासून वाइन होतच नाही असं नाही, पण चांगली होत नाही, आणि चांगल्या पांढऱ्या ब्लेंडमध्ये तिला कुणी विचारत नाही. म्हणजे सुपरमार्केटचं कपाट उघडलं असतं तरी नान्नजच्या किंवा कासेगावच्या उरलेल्या मालाला त्यात जागा नव्हती. फायदा झाला असता तो स्वतःची बाग असलेल्या वाइनरीला आणि करारावर वाइनची द्राक्षं लावणाऱ्याला. तो रास्तच आहे, पण त्याला ‘द्राक्ष उत्पादकांचा निर्णय’ म्हणणं ही धूळफेक होती. विरोधकही यात कमी नव्हते. देशी दारूच्या दुकानांची संख्या कधी कुणाला खुपली नाही, आणि वाइनच्या कपाटाने संस्कृती बुडायला निघाली.

करारावर लावण्यातही जोखीम आहेच. 2008-09 च्या मंदीत मागणी कोसळली आणि खरेदीदारांनी हात वर केले. नाशिककडे तेव्हा अनेकांनी वाइनच्या वेली काढून पुन्हा टेबलचे वाण धरले. खायचं द्राक्ष निदान मुंबईच्या मार्केटला तरी पाठवता येतं. सोव्हिन्यॉंचा घड वाइनरीने नाकारला तर ते बारीक, बीवालं फळ हातगाडीवरही खपत नाही. सोलापूरचा सावधपणा याच अनुभवातून आला आहे. इथे भाव पडला की माल बेदाण्याच्या शेडवर जातो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढून जाळीवर पसरायचा. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो आणि तासगाव, सांगली किंवा पंढरपूरच्या सौद्याला लागतो. शीतगृहात ठेवून भावाची वाटही पाहता येते.

2022 नंतर कपाटाचा विषय पुन्हा तडीस गेलेला नाही. धोरणातला दुसरा धागा मात्र शांतपणे चालू राहिला : वाइनवर वीस टक्के व्हॅट आणि त्या विसांतले सोळा उद्योगाला परत. मध्ये काही काळ हा परतावा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तो वाइनरीच्या खात्यावर जमा होतो. करारावर द्राक्षं पिकवणाऱ्याला त्यातलं किती मिळावं, याबद्दल योजना काही म्हणत नाही.