किल्ली कोणाकडे? : शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची पार्श्वभूमी

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेच्या दारांचं एक कपाट होतं. आत पुस्तकं. सगळ्यांना खाकी कव्हरं, आणि कण्यावर चिकटवलेल्या पांढऱ्या चिठ्ठीवर दाखल क्रमांक. मधल्या सुट्टीत आम्ही काचेला नाक लावून उभे राहायचो, पण कव्हरांमुळे नावं दिसायची नाहीत, नुसते आकडे. ३१२, ३१३, मग एकदम ३१७. मधली तीन कोणाकडे असतील याचे तर्क करण्यात सुट्टी संपायची. किल्ली गणिताच्या बाईंकडे होती. बाई प्रेमळ होत्या, पण पुस्तक मागितलं की त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसायची. ती भीती कसली, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मुलांच्या वाचनस्वातंत्र्याचा विषय निघाला की चर्चा हमखास बंदीकडे वळते. कोणतं पुस्तक काढलं, कोणी काढायला लावलं, वगैरे. आपल्या शाळांच्या बाबतीत मला ती चर्चा थोडी पुढची वाटते. बंदी घालायला आधी पुस्तक मुलाच्या हाताला लागावं लागतं. आपल्याकडे मंजुरीची यादी, नोंदवही आणि कुलूप या तिघांनी मिळून ती वेळच फारशी येऊ दिली नाही.

मागणी मात्र फार जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. याच मुक्ताची एक आठवण सांगतात. बक्षीस समारंभात मेजर कँडींनी खाऊ पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, “आम्हाला खाऊ नको, लायब्ररी द्या.” ज्या समाजाला अक्षराजवळ फिरकू दिलं जात नव्हतं त्यातल्या मुलीने एक पुस्तक न मागता पुस्तकांची खोलीच मागावी, याचं मला अजून नवल वाटतं. कारण एक पुस्तक देणारा ते निवडूनच देतो. खोलीत शिरलेली मुलगी स्वतः निवडते.

आणि मागितली कोणाकडे, तर कँडींकडे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेले हे गृहस्थ पुढे सरकारी मराठी भाषांतरकार झाले. मराठी शाळापुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जाऊनच मुलांपर्यंत पोचत असे. म्हणजे शाळेत काय वाचलं जावं हे ठरवणाऱ्या यंत्रणेकडेच मुक्ताने किल्ली मागितली होती.

ती यंत्रणा त्याच सुमारास पक्की होत होती. हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण आखणाऱ्या वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात विद्याखातं सुरू झालं. पुढे क्रमिक पुस्तकांबरोबर अवांतर वाचनाची पुस्तकंही खात्याच्या मंजुरीत आली. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘विद्याखात्याने बक्षिसे व लायब्रऱ्यांकरिता मंजूर केलेले’ अशा अर्थाची ओळ आजही सापडते. रद्दीवाल्याकडे असं पुस्तक मिळालं तर जरूर पाहा, लेखकाच्या नावाइतक्याच दिमाखात ती छापलेली असते. साहजिकच आहे. मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक बेताचं. शाळाखात्याची मंजुरी म्हणजे खपाची हमी. मग लिहितानाच कोणता मजकूर साहेबाच्या टेबलावरून सुखरूप पार होईल याचा अंदाज लेखक-प्रकाशक घेणार. अशा व्यवस्थेत सेन्सॉरला कात्री उचलावी लागत नाही. मुलांच्या कपाटात चरित्रं, बोधकथा आणि संस्कारकथांची जी भाऊगर्दी आपण पाहत आलो, तिचं मूळ थोडंफार या ओळीत आहे असं माझं मत आहे.

वेगळा रस्ता नव्हता असं नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विरून जातं, हे त्यांच्या लक्षात आलं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, त्यात मुलांचा स्वतंत्र विभाग झाला, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. शाळा आणि ग्रंथालय या एकाच कामाच्या दोन बाजू, हा विचार बडोद्यात होता.

आपण पुढे या दोन बाजू कागदोपत्री वेगळ्या केल्या. कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा झाला, महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, ग्रंथालय संचालनालय आलं. पण हे सगळं सार्वजनिक ग्रंथालयांपुरतं. शाळेतलं कपाट शालेय शिक्षण विभागाकडे राहिलं, आणि तिथे ते पट, परीक्षा, पोषण आहार यांच्या रांगेत शेवटी उभं आहे.

त्या कपाटाची अवस्था सरकारला ठाऊक नव्हती असंही नाही. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांची पाहणी केली, तेव्हा ग्रंथालयांवर अगदी कोरडे ओढले होते. बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगं ग्रंथालय नाही, पुस्तकं जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, खोली उदास, आणि सांभाळायला एखादा कारकून किंवा नाइलाजाने हे काम करणारा शिक्षक. सत्तर वर्षांनंतरही यातला एकेक शब्द आपल्या पाहण्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेला चपखल बसतो.

महाराष्ट्रात खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनंतर ग्रंथपालपदाला काहीएक चौकट आली, पण पद पटाला बांधलेलं. मोठ्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, मध्यमला अर्धवेळ, त्याखाली कोणीच नाही. ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ हा आपल्या शिक्षणक्षेत्रातला एक खास प्राणी आहे. पगार अर्धा, पण सगळ्या पुस्तकांचा हिशेब पूर्ण. शिवाय एखादे सर रजेवर असले की तासावर जायलाही हेच. आणि जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत तर हा प्राणीही नाही. तिथे शिकवणारे, ऑनलाइन माहिती भरणारे आणि पुस्तकं सांभाळणारे गुरुजी एकच.

आता गणिताच्या बाईंच्या चेहऱ्यावरची भीती. शाळेत आलेलं पुस्तक आधी दाखल नोंदवहीत चढतं. क्रमांक, दिनांक, लेखक, नाव, किंमत, शेरा. मग शिक्का, तोही दोन-तीन ठरलेल्या पानांवर. त्या क्षणापासून हिशेबाच्या दृष्टीने ते बाकं, घंटा, फळा यांच्याच जातीचं होतं. सहीने ताब्यात घेतलेली मालमत्ता. बदली झाली, निवृत्ती आली की चार्ज द्यायचा, आणि चार्ज देताना एकेक आकडा जुळवायचा. कमी भरला तर ‘वसुली’ हा शब्द पुढे येतो. चाळीस रुपयांचं गोष्टींचं पुस्तक, पण त्यासाठी स्वतःच्या खिशात हात घालावा लागण्याची धास्ती. अशा माणसाने कपाट उघडं ठेवावं ही अपेक्षाच उफराटी आहे. पुस्तक दिलं आणि हरवलं तर दोष. पुस्तक दिलंच नाही तर कोणी विचारत नाही. आमच्या बाई मुलांना वाचू देत नव्हत्या हे खरं, पण त्यांच्या जागी मीही कुलूपच लावलं असतं.

गंमत अशी की केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांना हे दुखणं माहीत आहे. ग्रंथालयांबाबतच्या तिथल्या नियमानुसार, वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं रास्त मानलं जातं, अट इतकीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजारी पाच! दिल्लीतल्या कार्यालयांच्या ग्रंथालयांसाठी लिहिलेला हा नियम खेड्यातल्या शाळेच्या गुरुजींपर्यंत कधी पोचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला पहिलाच नियम ‘ग्रंथ वापरासाठी असतात’ असा आहे. तो समजावताना ते सुरुवात करतात मध्ययुगीन युरोपातल्या साखळीने बांधलेल्या ग्रंथांपासून. आपण साखळीच्या जागी रजिस्टर आणलं.

कागदावरचा हक्क दरम्यान वाढत गेला. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना द्यायच्या साहित्यात पुस्तकं होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर स्पष्टच आहे : प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांवरची पुस्तकं हवीत, ‘गोष्टींच्या पुस्तकांसह’. ही शेवटची पुस्ती ज्याने कोणी घातली त्याचे आभार मानले पाहिजेत. समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपये ग्रंथालयासाठी धरलेले असतात. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी कपाट उघडतं, पुस्तकं बाकांवर मांडली जातात, फोटो निघतात. सोळा तारखेचं मी बोलत नाही.

ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ची माणसं शाळाभेटीत एक नेमका प्रश्न विचारतात. पुस्तकं आहेत का, एवढ्यावर न थांबता भेटीच्या दिवशी मुलं ती वापरताना दिसली का, हेही ते वेगळं नोंदवतात. सरकारी तक्त्यात पुस्तकांची संख्या भरली की काम झालं. इथे ‘आहेत, पण वापरात नाहीत’ असा रकानाच आहे.

आता कपाट खरोखर उघडं असलं की काय होतं, त्याची गोष्ट. ती न्यूयॉर्क राज्यातली, लाँग आयलंडवरच्या आयलंड ट्रीज या शाळा-जिल्ह्यातली. सप्टेंबर १९७५ मध्ये तिथल्या शाळा मंडळाचे काही सदस्य पालकांच्या एका परिषदेला गेले आणि ‘आक्षेपार्ह’ पुस्तकांच्या याद्या घेऊन परतले. नोव्हेंबरातल्या एका रात्री दोघांनी हायस्कूलच्या ग्रंथालयात जाऊन सूचीची कार्डं चाळली. यादीतली नऊ पुस्तकं सापडली. पुढे आकडा अकरावर गेला. त्यांत कर्ट व्हॉनेगट होते, रिचर्ड राइट होते, लँगस्टन ह्यूजनी संपादित केलेल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या कथाही होत्या. मंडळाने या पुस्तकांना अमेरिकाविरोधी, ख्रिस्तविरोधी, ज्यूविरोधी आणि सरळसरळ घाण ठरवलं. पालक-शिक्षकांची समिती नेमली, तिने बरीच पुस्तकं ठेवावीत असं सुचवलं, ते मंडळाने धुडकावलं. नऊ पुस्तकं गेली.

जानेवारी १९७७ मध्ये स्टीव्हन पिको हा सतरा वर्षांचा मुलगा आणि चार सोबती कोर्टात गेले. २५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. न्या. ब्रेनन यांचा मुद्दा असा : शिकवायचं काय हे ठरवण्यात मंडळाला बरीच मोकळीक, पण ग्रंथालय ही मुलाने आपणहून धुंडाळायची जागा, तिथून केवळ विचार पटत नाहीत म्हणून पुस्तक काढता येणार नाही. विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात ते मिळवण्याचं स्वातंत्र्यही येतं. विरोधी न्यायमूर्तींचं म्हणणं, पुस्तक बाहेर मिळतं की, शाळेनेच ते का ठेवावं? पुस्तकं परत आली. ग्रंथपालाने पालकांना कळवायचं अशी मेख मंडळाने मारून पाहिली, पण तीही पुढे निघाली.

पाचांनाही एकच कारणमीमांसा मान्य नव्हती, त्यामुळे हा निवाडा तेव्हापासूनच काहीसा डळमळीत आहे, आणि अमेरिकेत आज पुन्हा त्याची ओढाताण चालू आहे. पेन अमेरिका या संस्थेने २०२३–२४ च्या शालेय वर्षात तिथल्या शाळांतून पुस्तकं हटवल्याच्या १०,०४६ घटना मोजल्या. आकडा भयंकर आहे. तरी मला त्यातली दुसरी गोष्टही दिसते. हटवलेलं मोजता येतं, कारण ते आधी फळीवर होतं आणि कोणीतरी वाचत होतं. ब्रेनन यांनी केलेला अभ्यासक्रम आणि ग्रंथालय हा फरक तर आपल्या वादांत उमटतही नाही. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने बी.ए.च्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी काढली तेव्हा गदारोळ झाला, तो नेमलेल्या पुस्तकावरून. नेमलेलं नसलेलं पुस्तक मुलं वाचतील, ही भीती कोणाला वाटायला ती आधी वाचताना दिसायला हवीत. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलांना माहिती आणि विचार शोधण्याचा, मिळवण्याचा हक्क लिहिलेला आहे. भारत त्यात डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला.

मध्यंतरी एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. वर्गात भिंतीलगत, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर सुतळी बांधलेली आणि तिच्यावर पुस्तकं मधोमध उघडून वाळत घातल्यासारखी टांगलेली. कव्हर नाही, चिठ्ठी नाही. दुसरीतली एक मुलगी टाचा उंचावून एक ओढत होती; पान टर्रकन फाटलं, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तसंच घेऊन खाली बसली. गुरुजींना म्हटलं, हिशेबाचं काय करता? त्यांनी टेबलाच्या खणातून निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव काढून दाखवला. तेवीस पुस्तकं, अनुक्रमाने. अशा प्रस्तावात कारणाच्या रकान्यात बहुधा वाळवी किंवा पावसाचं पाणी असतं. इथे तेवीसही ओळींत लिहिलं होतं, ‘मुलांनी हाताळून जीर्ण’. खाली केंद्रप्रमुखांची सही होती.