भूर्जाचा ‘ज’ डॅन्यूबकाठी

डॅन्यूब नदीच्या उत्तरेला, आजच्या रोमानियाच्या परिसरात, प्राचीन काळी राहणाऱ्या डेशियन लोकांच्या भाषेतला एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. ग्रीक व लॅटिन लेखकांनी टिपलेली गावांची, माणसांची आणि औषधी वनस्पतींची नावे तेवढी हाती लागतात. इ. स. 106 मध्ये सम्राट ट्राजानने डेशिया जिंकला आणि मोहिमेचा वृत्तान्त स्वतः लिहिला. त्यातले एकच वाक्य वाचले, तेही प्रिस्कियन या व्याकरणकाराने उदाहरणादाखल दिले म्हणून: ‘तेथून आम्ही बेर्झोबिसला, पुढे ऐझीला गेलो.’

बेर्झोबिस हे नाव भूर्जवृक्षावरून आले असावे, हा तर्क मला पटतो. संस्कृत, लॅटिन आदी भाषांची कल्पित पूर्वज असलेल्या आद्य इंडो-युरोपीय भाषेतल्या या वृक्षनामाच्या आरंभी महाप्राण ‘भ’ होता आणि शेवटी तालव्य (जीभ टाळूकडे नेऊन उच्चारलेला) ‘ग’. संस्कृतने ‘भूर्ज’मध्ये भ जपला आणि तालव्य ‘ग’चा ज केला, डेशियनमध्ये मात्र भचा ब झाला आणि त्या ‘ग’च्या जागी मराठीतल्या ‘जर’च्या ज-सारखा दंत्य ध्वनी आला. सुसिदाव्हा, बुरिदाव्हा या गावांच्या नावांतला ‘दाव्हा’ संस्कृत ‘धा’ या धातूशी जोडला जातो. तिथेही ध जाऊन द आला आहे.

रोमानियन ही लॅटिनची कन्या आहे, डेशियनची नव्हे. तरीही तिच्यातले काही शब्द लॅटिनमधून आलेले नाहीत; ते डेशियनचे अवशेष असू शकतात, आणि त्यांचे जुळे अल्बेनियनमध्ये सापडतात. रोमानियनमध्ये करकोच्याला ‘बार्झा’ म्हणतात, तर अल्बेनियनमध्ये ‘बार्ध’ म्हणजे पांढरा; वाटाण्याला रोमानियनमध्ये ‘माझरे’, अल्बेनियनमध्ये ‘मोधुल’. एकीकडे झ, दुसरीकडे ध-सारखा घर्षक (हवा घासत बाहेर पडणारा) ध्वनी, ही जोडी शब्दामागून शब्दात तशीच आढळते, म्हणून तिला योगायोग म्हणता येत नाही.

‘माझरे’तला र तर या शब्दांचे वयही सांगतो. लॅटिनमधल्या दोन स्वरांमधल्या एकेरी ल-चा रोमानियनमध्ये र झाला, जसे ‘गुला’पासून ‘गुरा’ (तोंड). स्लाव्ह लोकांकडून आलेल्या ‘मिला’ (दया) या शब्दात मात्र ल शाबूत आहे. ‘माझरे’मध्ये हा बदल दिसत असल्याने तो शब्द स्लाव्ह शब्दांच्या आधीच भाषेत रुळला होता, असे ठरते.

अशा शब्दांची मूळ भाषा डेशियनच होती का, यावर मतभेद आहेत. बल्गेरियन भाषाशास्त्रज्ञ व्लादिमीर गेओर्गिएव्ह यांनी अल्बेनियनलाच डेशियनच्या कुळात बसवले, तर इतरांना अल्बेनियनचा उगम इलिरियन या पश्चिम बाल्कनमधल्या प्राचीन भाषेत दिसतो.