पुण्याच्या टेकड्या

पुणे शहराच्या पोटात आणि त्याच्या पश्चिम व दक्षिण अंगांना असलेल्या, बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाच्या टेकड्यांचा समूह. वेताळ टेकडी, चतुःशृंगी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई, बाणेर आणि पाषाणच्या टेकड्या ही त्यांतली रोजच्या बोलण्यातली नावे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. शहराच्या हद्दीतल्या मध्यवर्ती टेकड्यांत तीच सर्वांत उंच. गिर्यारोहकाला ही उंची किरकोळ वाटेल, पण शहरात राहून अर्ध्या तासात डोंगरमाथ्यावर पोचता येते, ही सोय फार थोड्या शहरांना आहे.

घडण : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भेगांमधून लाव्हा वाहिला आणि थरांवर थर साचत गेले. हे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट आणि कठीण, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. कठीण थर झिजायला वेळ लागतो, म्हणून तिथे सपाट माथा किंवा उभा कडा राहतो; मऊ थराचा उतार होतो. सिंहगडापासून वेताळ टेकडीपर्यंत सगळीकडे दिसणारी पायऱ्यापायऱ्यांची ठेवण त्यातून आली. सच्छिद्र थरांतल्या पोकळ्यांमध्ये पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मिळणारे निळेशार कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे.

पाण्याचा हिशेबही याच थरांत आहे. पावसाचे पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून खाली मुरते आणि पायथ्याच्या विहिरी व बोअरला मिळते. जे मुरत नाही ते ओढ्यांनी खाली येते. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबील ओढा हे ठळक उदाहरण. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले होते. त्या नळावरचे हवेसाठी ठेवलेले उच्छ्वास अजून काही ठिकाणी उभे आहेत. त्याच ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यातल्या वस्त्यांत शिरून अनेकांचे जीव घेतले. डोंगराचा उतार आणि ओढ्याचे पात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजून बांधकामे होत राहिली, तर याहून वेगळे काय होणार?

वनस्पती आणि पक्षी : एप्रिलमध्ये टेकडी पिवळी, उघडी आणि भाजलेली दिसते. नवखा माणूस तिला ओसाड म्हणतो आणि तिथेच चुकतो. हा झुडपी, गवताळ अधिवास आहे. वर्षातले सातआठ महिने कोरडे राहणे हा त्याचा स्वभाव. सालई, मोई, मेडशिंगी, गणेर, पांगारा ही इथली मूळची झाडे पाने टाकून उन्हाळा काढतात. गणेरीला तर एकही पान नसताना तळहाताएवढी पिवळीधमक फुले येतात. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात काळी मुसळी जमिनीलगत पिवळी चांदणीसारखी फुले काढते, मागून फोडशी येते आणि श्रावणाच्या सुमारास तेरड्याने उतार गुलाबी होतात.

गवतांत कुसळी सर्वांना ठाऊक, कारण ती मोज्यांत घुसून घरी येते. तिचे बी हातात घेऊन पाहावे. टोक सुईसारखे, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, आणि मागे लांब काळपट शेपूट. हे शेपूट वाळले की पिळले जाते आणि ओले झाले की उलगडते. त्या पिळण्या-उलगडण्याने बी गिरमिटासारखे मातीत उतरते आणि उलटे केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मोजा आणि माती यांतला फरक त्याला कळत नाही, इतकेच.

मोर, तितर, टिटवी, चंडोल, रातवा हे गवताळ उतारांचे पक्षी. पावसाच्या तोंडावर नवरंगाची दोन स्वरांची शीळ ऐकू येते. पक्षी दिसेलच याची खात्री नाही.

या टेकड्यांचे मोठे नुकसान प्रेमानेच केले आहे. ‘उघडा डोंगर हिरवा करा’ या उत्साहात गेल्या काही दशकांत गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, हजारोंनी लावला गेला. हे मध्य अमेरिकेतले झाड. ते भराभर वाढते, खडकाळ जमिनीत तग धरते, गुरे त्याच्या फारशी वाटेला जात नाहीत. लागवड यशस्वी दाखवायला याहून सोयीचे झाड नाही. उंदरांना विषारी म्हणून त्याला उंदीरमारी असेही नाव आहे. जानेवारी-फेब्रुवारीत त्याला फिकट गुलाबी बहर येतो, लोक फोटो काढतात. पण त्याच्या दाटीखाली गवत आणि देशी रोपे दबून जातात आणि मोकळ्या रानाचे पक्षी तिथून उठतात. अलीकडे काही गट देशी झाडे लावतात, पण गवताच्या मोकळ्या उतारावर खड्डे घेणे हेही तितकेच चूक, हे मात्र अजून फारसे पटलेले दिसत नाही. दुसरे संकट वणव्याचे. वाळल्या गवतात एक विडीचे थोटूक पुरते. त्यासाठी वन विभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत नसलेले मोकळे पट्टे.

देवस्थाने आणि इतिहास : जवळपास प्रत्येक माथ्यावर देव आहे. वेताळ टेकडीवर वेताळ, हनुमान टेकडीवर मारुती, तळजाईवर देवी. चतुःशृंगीची देवी वणीच्या सप्तशृंगीचेच रूप मानतात. म्हातारपणी वणीची वारी झेपेना अशा भक्तासाठी देवीच पुण्यात आली, ही तिची कथा. नवरात्रात पायथ्याशी जत्रा भरते. पर्वतीवरचे देवदेवेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधले. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांचा २३ जून १७६१ रोजी पर्वतीवरच मृत्यू झाला. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरून पाहिली, असे सांगतात.

टेकडीवर जाणे : पुण्यात ‘टेकडी करून आलो’ म्हटले की कोणती, हे विचारावे लागत नाही, ज्याच्या घराजवळ जी, ती त्याची. पहाटे साडेपाचपासून कानटोपी, काठी आणि ट्रान्झिस्टरची जागा घेतलेला मोबाइल असा लवाजमा वर जाताना दिसतो. ठरलेले गट, ठरलेला दगड, ठरलेला वाद. एखादा आठवडाभर आला नाही तर घरी फोन जातो.

नियोजन : १९८७ च्या विकास आराखड्यात डोंगरमाथा व डोंगरउतार असा विभाग करून तिथल्या बांधकामावर कडक बंधने आली. पुढे महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण पडले. जमीनमालकांचा मोबदला आणि थोडे बांधकाम होऊ द्यावे की नाही, यावर वाद वर्षानुवर्षे चालू राहिला आणि दरम्यान पायथ्यापासून वर अतिक्रमणे सरकत राहिली. बालभारती ते पौड फाटा हा वेताळ टेकडीच्या अंगावरून जाणारा प्रस्तावित रस्ता आणि टेकडीखालचे प्रस्तावित बोगदे याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. रस्ता झाल्यास लॉ कॉलेज रस्त्याची कोंडी सुटेल, असे समर्थक म्हणतात. मोकळा झालेला रस्ता पुण्यात किती दिवस मोकळा राहतो, हा अनुभव मात्र विरोधकांच्या बाजूचा आहे.

वाटा : वेताळ टेकडीवर लॉ कॉलेजच्या मागून, गोखलेनगरकडून, पाषाणच्या पंचवटीतून आणि एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने चढता येते. माथ्याजवळची जुनी दगडखाण पावसाळ्यात भरते. कडे उभे आणि पाणी खोल असल्याने ती काठावरूनच पाहावी. दिवस मावळल्यावर एकट्याने रेंगाळू नये. लुटालुटीचे प्रकार झाले आहेत. पर्वतीला पायऱ्या असल्याने वाट चुकत नाही. अंगात रग असलेल्यांसाठी कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची डोंगररांग आहे. तिला ट्रेकर ‘के-टू-एस’ म्हणतात. डझनाहून अधिक टेकड्यांचा हा चढउतार बहुतेक जण चांदण्या रात्री करतात, कारण वाटेत पाणीही नाही आणि सावलीही नाही. दर चढानंतर ‘हा शेवटचा’ असे कोणीतरी म्हणतेच, त्यावर विश्वास ठेवू नये.