टेप, डिस्क आणि चिप : डेटा साठवणुकीची पार्श्वभूमी

हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी (म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह), हा प्रश्न बहुतेक वेळा वेग आणि किंमत पाहून सुटतो. या दोन्हींत फरक का आहे, हे समजून घ्यायचं तर टेपपासून सुरुवात करायला हवी.

१९५१ साली आलेल्या युनिव्हॅक संगणकाने डेटा ठेवायला चुंबकीय टेप वापरली. त्याआधीच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांपेक्षा ती कितीतरी वेगवान होती. पण रिळाच्या मध्यावरची एखादी नोंद हवी असेल, तर तिथपर्यंत टेप फिरवत नेण्यावाचून इलाज नव्हता. त्यामुळे कामं साचवायची, क्रमाने लावायची आणि मग एकदम उरकायची, अशी पद्धत पडली.

ही अडचण आयबीएमच्या १९५६ सालच्या रॅमॅक या हार्ड डिस्क असलेल्या संगणकाने सोडवली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि सगळी मिळून क्षमता ५० लाख अक्षरांची! आज एका फोटोलाही ती अपुरी पडेल. तरीही साठवणुकीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण मला हेच वाटतं. हवी ती नोंद सेकंदाभरात थेट हाती येऊ लागली.

फ्लॉपी आणि सीडी यांनी डेटा खिशातून नेण्याची सोय केली. वेगाच्या शर्यतीत त्या कधीच नव्हत्या.

डिस्कमध्ये मात्र फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकत डेटा वाचणारं-लिहिणारं हेड राहिलंच. धक्का बसला की धोका, आणि प्रत्येक वाचनाआधी क्षणभर थांबणं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या फ्लॅश मेमरीत हलणारा भागच नाही. विद्युतरोधक थराआड अडकवलेले इलेक्ट्रॉन हीच तिथली नोंद. एसएसडी याच मेमरीची बनते; तिचा वेग इथून येतो, आणि मर्यादाही इथूनच. पुन्हा लिहायचं तर आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे अशा अनेक नोंदींचा गट, पुसावा लागतो, दर वेळी तो थर थोडा झिजतो, आणि वीज न देता वर्षानुवर्षं ठेवल्यास इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. म्हणून रोजच्या कामाला एसएसडी उत्तम, पण डेटा भरून कपाटात ठेवून देण्यासाठी मी ती सुचवणार नाही.

त्या कामाला टेप अजून टिकून आहे. एलटीओ-९ या प्रकारच्या टेपच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात, आणि यंत्रातून काढून ठेवलेल्या टेपपर्यंत व्हायरस पोहोचत नाही. २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांच्या मेल वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींसकट पुसल्या गेल्या. गूगलने त्या परत आणल्या टेपवरूनच.