स्वस्त शार्डोनेतलं लोणी

फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या स्वस्त शार्डोनेचा, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनचा, घोट घेतला, तर गारवा आणि आंबटपणा यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. ग्लास वीसेक मिनिटं तसाच ठेवून पुन्हा नाकाशी न्यावा. आता सफरचंद जाणवतं, किंचित व्हॅनिला जाणवतो आणि मागून चक्क लोण्याचा वास येतो. वाइन तीच. जरा ऊब मिळाल्यावर वासाचे रेणू जास्त संख्येने हवेत उडाले, इतकंच. ४ अंशांना मुकी असलेली शार्डोने १०-१२ अंशांना बोलू लागते. (स्वस्त वाइन गारेगार करून देण्यात एक हुशारीही असते : तिचे दोषही गारठतात.)

पण द्राक्षात लोणी आलं कुठून? तिथून ते आलेलंच नाही. मस्कत जातीचं द्राक्ष तोंडात टाकलं की वाइनचा वास कसा असेल याचा अंदाज येतो. शार्डोनेचं द्राक्ष मात्र अबोल. तिची बरीचशी चव तळघरात घडते.

यीस्टने साखरेचं अल्कोहोल केलं, की ‘ईनोकोकस ईनी’ नावाचे जिवाणू कामाला लागतात. हिरव्या सफरचंदाला झणझणीत आंबट करणारं मॅलिक आम्ल ते सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं आम्ल. याच सुमारास ते सायट्रिक आम्लही खातात आणि त्यातून डायअसिटिल तयार होतं. लोण्याच्या वासामागेही हाच रेणू असतो, त्यामुळे ‘लोण्यासारखी’ हे वर्णन अलंकारिक नाही, ते अक्षरशः खरं आहे. वाइन करणाऱ्याला हे नको असेल, तर तो जिवाणूंना वेळीच थोपवतो. मग वाइन लिंबासारखी तरतरीत राहते.

व्हॅनिला येतो ओकच्या लाकडातून. फ्रान्समधल्या बरगंडी या वाइनच्या प्रदेशात ओकची २२८ लिटरची पिंपं वापरतात. ती महाग, म्हणून स्वस्त वाइनच्या स्टीलच्या टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडतात. यात फसवणूक नाही, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन दोन्हीकडे तेच. मात्र पिंपाच्या लाकडातून हवा महिनोन्‌महिने अगदी थोडी थोडी झिरपते आणि वाइन मुरते. ते नुसत्या तुकड्यांना जमत नाही. माझ्या जिभेला अशा काही बाटल्यांत व्हॅनिला वरवर तरंगताना जाणवतो, वाइन खाली वेगळीच.

तरी ‘स्वस्त’ म्हणून नाक मुरडायचं, तर शार्डोनेचं कूळही पाहावं. १९९९ साली डीएनए तपासणीत तिचे जन्मदाते कळले : एक खानदानी पिनो द्राक्ष आणि दुसरं ग्वे ब्लां, जे पूर्वी अगदी हलक्या प्रतीचं द्राक्ष समजलं जाई.

किंमत जिभेलाही फसवते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एकच वाइन दोनदा पाजली, एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. वाइन लाल होती, पण मुद्दा तोच. ‘महाग’ घोट लोकांना जास्त आवडलाच, शिवाय मेंदूतल्या सुखाच्या अनुभवाशी निगडित भागातली हालचालही वाढली. म्हणून चाखताना बाटली कागदात गुंडाळावी, आणि गुंडाळायचं काम दुसऱ्याला सांगावं.