धातूच्या पोटात हायड्रोजन नेमका बसतो कुठे?

धातू हायड्रोजन पितो हे तसं जुनंच. लंडनच्या थॉमस ग्रॅहमने १८६६ मध्येच दाखवलं होतं की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या कैक शेकडो पट हायड्रोजन गिळतं. पण पॅलेडियम पडलं महाग, त्यामुळे खरी मजा सुरू झाली ती शंभरेक वर्षांनी, आणि तीही चुंबकांच्या नादात! हॉलंडमध्ये फिलिप्सच्या लॅबवाले समेरियम-कोबाल्टच्या मॅग्नेटवर काम करत होते, १९६९ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की हा मिश्रधातू हायड्रोजन शोषतो, मग १९७० मध्ये एक लँथॅनम पाच निकेल असं जोडून बघितलं तर त्या सहा अणूंमागे सहाच्या वर हायड्रोजन आत गेले, साध्या खोलीच्या तापमानाला आणि जेमतेम दोन-अडीच बार प्रेशरला.

सुरुवातीला हायड्रोजन आत विखुरलेला असतो, ती अल्फा फेज, म्हणजे पहिली अवस्था. प्रेशर वाढवत गेलं की एका ठरावीक प्रेशरला मोजणारा काटा अडकतो आणि भरलेली बीटा फेज तयार होत जाते, धातू जवळपास पाव पट फुगतो आणि दोन-चार वेळा भरून रिकामा केला की त्याचा चक्क भुगा होतो.

पण आत हायड्रोजन बसलाय कुठल्या पोकळीत? अणूंच्या जागा शोधायला एक्स-रे वापरतात, पण त्यांना दिसतात ते इलेक्ट्रॉन, त्यामुळे एकच इलेक्ट्रॉनवाला हायड्रोजन दिसतो न दिसल्यासारखाच. म्हणून एक्स-रेऐवजी न्यूट्रॉनांचा झोत आला, पण साधा हायड्रोजन न्यूट्रॉन नुसते इकडेतिकडे उधळतो, सगळा गोंगाट, म्हणून त्याच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, भरायचं. त्यातून कळलं की पूर्ण भरलेल्या लँथॅनम-निकेलमध्ये हायड्रोजन कसेही बसत नाहीत, एका थराआड वेगळी मांडणी होते आणि स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा मूळ घटक उभ्या दिशेने दुप्पट होतो. झिर्कोनियम-व्हॅनेडियममध्ये तर गरम असताना सगळी सरमिसळ आणि गार केलं की मुकाट रांगेत, अगदी शाळेतल्या पोरांसारखं.

१९७९ मध्ये स्विटेंडिक नावाच्या शास्त्रज्ञाने नियम दिला, धातूच्या आत दोन हायड्रोजनमध्ये किमान २.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) अंतर हवंच. बरीच वर्षं तो मोडला नाही. २००२ मध्ये नॉर्वेवाल्यांना लँथॅनम-निकेल-इंडियममध्ये हे अंतर साधारण १.६ सापडलं, कारण तिथे प्रत्येक हायड्रोजन आपापल्या निकेलला घट्ट चिकटलेला आणि त्याच्याभोवतीचे इलेक्ट्रॉन लँथॅनम आणि इंडियमच्या बाजूला ओढले गेलेले, म्हणून ते एकमेकांना ढकलतच नाहीत फारसे.