अर्ध्यावरचा काटा, पाव भरलेली टाकी

बोटीतला इंधनाचा काटा अर्ध्यावर असतो आणि टाकीत पेट्रोल मात्र पावच उरलेलं असतं. गंमत म्हणजे यात कित्येकदा काहीच बिघडलेलं नसतं. बोटीचा तळ निमुळता, म्हणून त्यावर बसणारी टाकीही बऱ्याचदा तशीच असते. टाकीचा छेद टोक खाली असलेल्या त्रिकोणासारखा असेल, तर निम्म्या उंचीपर्यंत एक चतुर्थांशच इंधन मावतं: १०० लिटरच्या टाकीत २५ लिटर. मीटरला लिटर कळत नाहीत. त्याला कळतो फक्त विद्युतरोध, आणि तो ठरतो टाकीतल्या सेंडरचा (पातळी मोजून मीटरला कळवणाऱ्या भागाचा) फ्लोट, म्हणजे तरंगता तुकडा, किती उंचीवर आहे यावरून.

सेंडरच्या दोन पद्धती रूढ आहेत. अमेरिकन सेंडर रिकाम्या टाकीत सुमारे २४० ओहम दाखवतो, भरलेल्या टाकीत ३३. युरोपीय नेमका उलटा: रिकामी १०, भरलेली १८०. एका पद्धतीचा सेंडर आणि दुसऱ्या पद्धतीचं मीटर अशी जोडी जमली, तर इंधन भरताना काटा खाली येतो!

खरा बिघाड शोधायचा तर आधी मीटर तपासा, टाकी नंतर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून झाकणं उघडा, वास घ्या, ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा आणि मगच वायरला हात लावा. मीटरच्या मागे सहसा तीन टोकं असतात: आय म्हणजे इग्निशनचा वीजपुरवठा, एस म्हणजे सेंडर, जी म्हणजे अर्थ (ग्राउंड, बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी जोडणी). चावी फिरवून एसची वायर काढा. अमेरिकन मीटरचा काटा रिकाम्या टोकाला गेला पाहिजे. मग एस आणि जी वायरच्या तुकड्याने जोडा. काटा भरलेल्या टोकाला गेला पाहिजे. युरोपीय मीटरचं वागणं याच्या उलट. आय आणि जीमध्ये १२ व्होल्ट मिळूनही काटा हलत नसेल, तर मीटरच बदला.

मीटर ठीक निघालं तर बॅटरीची जोडणी काढून टाकीकडे जा. सेंडरची वायर सोडवून त्याचं मधलं टोक आणि अर्थचं टोक यांत मल्टिमीटरने ओहम मोजा. आकडाच येत नसेल तर सेंडर आतून तुटलाय. आकडा इंधनाच्या पातळीशी जुळत असेल तर दोष वायरिंगचा, आणि तिथे पहिला संशय अर्थवर घ्यावा. खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकावर हिरवी बुरशीसारखी पूड चढते आणि रोध वाढतो. अमेरिकन पद्धतीत असे ३० ओहम वाढले तर भरलेल्या टाकीचे ३३चे ६३ होतात आणि काटा पाऊणच्या आसपास अडतो. युरोपीय पद्धतीत हाच गंज जास्त घातक, कारण तिथे वाढलेला रोध म्हणजे मीटरवर दिसणारं, पण टाकीत नसलेलं इंधन. टोक कापून नवं, कथिलाचा मुलामा असलेलं लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवा; सेंडरपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा रोध १ ओहमच्या आत यायला हवा.

सेंडर काढायचा असेल तर इंधनाची पातळी सेंडरच्या झाकणाच्या बरीच खाली असू द्या. स्क्रू बहुधा ५ असतात आणि त्यांची भोकं असमान अंतरावर, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. खूण करून ठेवलेली बरी. बाहेर काढल्यावर फ्लोट हळूहळू वर न्या. दांडीच्या सेंडरचा (ज्यात फ्लोट हलत्या दांडीच्या टोकाला असतो) आकडा मध्येच उडी मारत असेल तर आतला रोधपट्टा झिजलाय. सरळ नळीच्या सेंडरमध्ये आत चुंबकीय स्विचांची ओळ असते, तिथे आकडा पायऱ्यापायऱ्यांनी बदलणं हा दोष नव्हे. फ्लोट कानाशी हलवा; आत डुचमळलं तर त्यात इंधन शिरलंय. नळीचा नवा सेंडर टाकीच्या खोलीपेक्षा साधारण २५ मिलिमीटर आखूड घ्या. दांडीचा असेल तर ती टाकीतल्या आडव्या पडद्यांना (इंधन हिंदकळू नये म्हणून बसवलेल्या पत्र्यांना) घासत नाही ना, ते पाहा. सेंडरखालचं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) मात्र दरवेळी नवंच.

एवढं करूनही त्रिकोणी टाकीचा हिशेब चुकलेलाच राहतो. त्यावर उपाय म्हणजे स्वतःचा तक्ता. शांत पाण्यात, बोट समतल असताना जवळजवळ रिकाम्या टाकीत १०-१० लिटर भरत जा, काटा स्थिरावला की त्याची जागा लिहा आणि तो कागद मीटरशेजारी चिकटवा. पुढेही काटा वाचायचा तो बोट थांबवूनच: वेगात बोटीचं पुढचं टोक उचललं जातं, इंधन मागे सरकतं, आणि सेंडर टाकीच्या मागच्या टोकाला असेल तर काटा उगाच वर चढतो.